सलग ३० सामने विजय नाही, मग थेट चॅम्पियन! अमेरिकेतल्या शेतकी कॉलेजच्या फुटबॉल टीमची हंगामवार गोष्ट

३० सप्टेंबर १९८९. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं मॅनहॅटन गाव. सामना संपायला काही सेकंद उरलेत आणि घरची टीम १४-१७ अशी मागे आहे. शेवटचा चेंडू. कार्ल स्ट्रॉनं पास फेकला, फ्रँक हर्नांडेझनं तो झेलला आणि घड्याळात शून्य वाजलं. २०-१७. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी जिंकली.

एका साध्या सामन्याचं एवढं कौतुक कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ही टीम त्याआधी सलग ३० सामन्यांत एकदाही जिंकली नव्हती. शेवटचा विजय ऑक्टोबर १९८६ मधला, म्हणजे जवळपास तीन वर्षांपूर्वीचा. कॉलेजात नव्यानं आलेल्या पोरांनी आपली टीम जिंकताना पाहिलीच नव्हती.

याच टीमनं पुढं ११-११ सामने जिंकणारे हंगाम काढले आणि देशातल्या पहिल्या नंबरच्या टीमला लोळवलं. हे कसं झालं, ते हंगामवार बघू.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. तिकडचा चेंडू लांबट असतो. तो हातात धरून पळायचं किंवा पुढं फेकायचा. एका बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढं सरकायचं. जमलं तर परत चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की ६ गुण. त्याला टचडाऊन म्हणतात.

कॉलेजचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर चालतो. काही विद्यापीठं मिळून एक गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हंगाम चांगला गेला तर डिसेंबर-जानेवारीत एक मानाचा सामना खेळायला बोलावतात. त्याला म्हणतात ‘बाऊल’. कॅन्सस स्टेटसारख्या टीमसाठी बाऊलचं निमंत्रण म्हणजे अनेक वर्षं स्वप्नच होतं.

शेतकऱ्यांच्या पोरांचं कॉलेज

हे मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्कमधलं उंच इमारतींचं मॅनहॅटन नव्हे. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव, चारी बाजूंनी गव्हाची शेतं आणि गुरांची कुरणं. न्यूयॉर्कला ‘बिग अॅपल’ म्हणतात म्हणून इथले लोक आपल्या गावाला हौसेनं ‘लिटल अॅपल’ म्हणतात.

१८६२ मध्ये अमेरिकेनं एक कायदा केला. केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी द्यायच्या आणि त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी करायची. त्यातून १८६३ मध्ये इथं कॅन्सस स्टेट अॅग्रिकल्चरल कॉलेज सुरू झालं. १९५९ मध्ये त्याचं युनिव्हर्सिटी असं नामकरण झालं.

या कॉलेजांचा आपल्याशीही संबंध आहे. स्वातंत्र्यानंतर भारतात कृषी विद्यापीठं उभी राहिली, ती याच नमुन्यावर. त्या वेळी अमेरिकेतल्या एकेका विद्यापीठाकडं एकेका राज्याला मदत करायचं काम होतं. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आलं, तर आंध्रच्या वाट्याला हेच कॅन्सस स्टेट.

पहिली ९३ वर्षं: हारच हार

इथं फुटबॉल सुरू झाला १८९६ मध्ये. तेव्हापासून १९८८ पर्यंतचा हिशेब असा: २९९ विजय, ५१० पराभव, ४१ बरोबरी. मोठ्या पातळीवर खेळणाऱ्या कॉलेजांत ५०० पराभवांचा आकडा सगळ्यात आधी गाठला तो यांनीच.

मधेमधे चार सुखाचे दिवस आले. १९३४ मध्ये बिग सिक्स कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळालं. पण १९४५ ते १९४८ मध्ये सलग २८ सामने गेले. १९६९ मध्ये लिन डिकी या क्वार्टरबॅकच्या जोरावर बलाढ्य ओक्लाहोमाला ५९-२१ असं धुतलं, तरी त्या हंगामाचा शेवट ५ विजय आणि ५ पराभव असाच झाला.

१९८१ मध्ये प्रशिक्षक जिम डिकी यांनी एक डाव टाकला. काही अनुभवी खेळाडूंना वर्षभर बाहेर बसवलं, म्हणजे पुढच्या वर्षी सगळे एकत्र खेळतील. डाव लागू पडला. १९८२ मध्ये टीम पहिल्यांदाच बाऊलमध्ये पोचली. तिथं विस्कॉन्सिननं १४-३ असं हरवलं. पण तेवढ्यावरही गाव खूश होतं.

त्यानंतर पुन्हा घसरण. १९८७ मध्ये ११ पैकी १० पराभव आणि एक बरोबरी. ती बरोबरीही शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाशी, १७-१७. तेही तळालाच होते. १९८८ मध्ये तर अकराच्या अकरा सामने गेले.

याच काळात अमेरिकेतल्या मध्य-पश्चिम भागातला शेतकरी कर्जात बुडाला होता. व्याज वाढलेलं, जमिनीचे भाव पडलेले, पिढ्यान् पिढ्यांच्या शेतांचे लिलाव चाललेले. त्यात विद्यापीठाची टीमही सगळ्या देशाच्या चेष्टेचा विषय. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या नामांकित साप्ताहिकानं १९८९ मध्ये या टीमवर लेख छापला. मथळ्याचा अर्थ होता, ‘व्यर्थ विद्यापीठ’. ही टीम मोठ्या कॉन्फरन्समध्ये ठेवायची तरी कशाला, अशी उघड चर्चा होती.

१९८९ ते १९९२: स्नायडर आले

१९८८ च्या शेवटी विद्यापीठानं बिल स्नायडर यांना प्रशिक्षक नेमलं. वय ४९. त्याआधी ते आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली होते. हे फ्राय म्हणजे तेच, ज्यांनी १९८५ मध्ये शेतकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी आपल्या खेळाडूंच्या हेल्मेटवर ‘अमेरिकेला शेतकरी हवाय’ अशा अर्थाच्या तीन अक्षरांचा स्टिकर लावला होता. त्यामुळे संकटातल्या शेतीच्या मुलखात फुटबॉल टीमचा अर्थ काय असतो, हे स्नायडर यांनी जवळून पाहिलं होतं.

आल्याआल्या त्यांनी टीमचं चिन्ह बदलून घेतलं. जांभळ्या रंगातलं रानमांजराचं ते नवं चिन्ह आज कॅन्ससमध्ये ट्रकच्या काचेपासून टोपीपर्यंत सगळीकडं दिसतं. खेळाडूंसाठी १६ उद्दिष्टांची यादी केली. त्यात पहिली होती बांधिलकी. कालच्यापेक्षा आज थोडं बरं खेळणं हेही त्यात होतं.

पण आकडे लगेच हलले नाहीत. १९८९ मध्ये १ विजय, १० पराभव. तो एक विजय म्हणजे सुरुवातीला सांगितलेला नॉर्थ टेक्सासवरचा. १९९० मध्ये ५ विजय. १९९१ मध्ये ७ विजय, ४ पराभव. १९८२ नंतर पहिल्यांदाच विजय पराभवांपेक्षा जास्त. १९९२ मध्ये परत ५-६. त्या वर्षी नेब्रास्काविरुद्धचा सामना थेट जपानमध्ये, टोकियोत झाला. तोही ३८-२४ असा गेला.

चार वर्षांत १८ विजय, २६ पराभव. कुठलीही मोठी संस्था एवढ्यात प्रशिक्षक बदलते. इथं बदलला नाही.

खेळाडू आणले कुठून?

चांगली पोरं टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियात. ती या आडगावात कशाला येतील? स्नायडर यांनी दोन वाटा धरल्या.

पहिली वाट ज्युनियर कॉलेजची. ज्यांना मार्कांमुळं किंवा दुसऱ्या कारणानं मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली नाही, अशी मुलं दोन वर्षं छोट्या कॉलेजात खेळतात. खुद्द कॅन्ससमध्ये अशी कॉलेजं बरीच. तिथून तयार खेळाडू उचलले.

दुसरी वाट ‘वॉक-ऑन’ची. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, फी स्वतः भरायची आणि चाचणी देऊन टीममध्ये घुसायचं. आसपासच्या गावांतली, शेतावर कष्ट केलेली पोरं या वाटेनं आली. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव जॉर्डी नेल्सन. मॅनहॅटनजवळच्या शेतकरी घरातला हा मुलगा वॉक-ऑन म्हणून आला आणि पुढं ग्रीन बे पॅकर्सकडून व्यावसायिक फुटबॉलचा सर्वोच्च सामना, सुपर बाऊल जिंकला.

टीकाही झाली. कॉन्फरन्सबाहेरचे सामने मुद्दाम दुबळ्या टीमशी ठेवतात आणि विजयांचा आकडा फुगवतात, हा आरोप वर्षानुवर्षं होत राहिला. त्यात तथ्य होतं. पण हरायची सवय लागलेल्या टीमला आधी जिंकायची सवय लावायची, असाच तो हिशेब होता.

१९९३ ते १९९७: गाडी रुळावर

१९९३ मध्ये ९ विजय, २ पराभव, १ बरोबरी. कॉपर बाऊलमध्ये वायोमिंगला ५२-१७ असं हरवलं. ९७ वर्षांच्या इतिहासातला हा पहिला बाऊल विजय.

१९९४ मध्ये ९-३. १९९५ मध्ये १०-२ आणि हॉलिडे बाऊलमध्ये कोलोराडो स्टेटवर ५४-२१ असा विजय. १९९६ मध्ये जुनी कॉन्फरन्स मोडून टेक्सासच्या टीम घेऊन ‘बिग १२’ तयार झाली. स्पर्धा वाढली, तरी ९-३. १९९७ मध्ये ११-१ आणि फिएस्टा बाऊलमध्ये सिराक्यूजला ३५-१८ असं हरवलं. १९९३ ते २००३ अशी सलग ११ वर्षं ही टीम बाऊलमध्ये खेळली.

१९९८: हातातोंडाशी आलेला घास

जुन्या लोकांना विचारलं तर ते आजही या हंगामावर सगळ्यात जास्त बोलतील.

क्वार्टरबॅक होता मायकल बिशप, टेक्सासच्या ब्लिन या ज्युनियर कॉलेजातून आलेला. १४ नोव्हेंबरला नेब्रास्काला ४०-३० असं हरवलं. १९६८ नंतर त्यांच्यावर मिळालेला हा पहिला विजय, मधे सलग २९ पराभव. नियमित हंगाम ११-०. प्रशिक्षकांच्या क्रमवारीत टीम चक्क देशात पहिली.

५ डिसेंबरला सेंट लुईसमध्ये बिग १२ चा अंतिम सामना टेक्सास ए अँड एमशी. जिंकलं तर राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्याची दारं उघडी. शेवटच्या पावात २७-१२ अशी आघाडी होती. तिथून समोरच्यांनी २७-२७ केलं. सामना जादा वेळेत गेला, दुसऱ्या जादा डावात ३६-३३ असा सुटला. कॅन्सस स्टेट हरली.

एवढ्यावर थांबलं नाही. देशात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची टीम असूनही मोठ्या चार बाऊलपैकी एकाचंही निमंत्रण आलं नाही. क्रमवारीत मागं असलेल्या, पण जास्त प्रेक्षक आणणाऱ्या टीमना बोलावलं. कॅन्सस स्टेटला अलामो बाऊल मिळाला, तिथं पर्ड्यूनं ३७-३४ असं हरवलं.

या अन्यायावर इतकी ओरड झाली की पुढच्या हंगामापासून नियम बदलला. क्रमवारीत तिसरी आलेल्या टीमला मोठ्या बाऊलमध्ये जागा द्यायचीच, असं ठरलं. लोक त्याला ‘कॅन्सस स्टेट नियम’च म्हणू लागले. नियम झाला, पण त्या टीमला त्याचा उपयोग नव्हता.

१९९९ ते २००३: अखेर विजेते

१९९९ मध्ये ११-१. २००० मध्ये ११-३, अंतिम सामन्यात ओक्लाहोमाकडून २७-२४ अशी हार. २००१ मध्ये ६-६ असा गचका. २००२ मध्ये परत ११-२.

२००३ ची सुरुवात चार विजयांनी झाली, मग सलग तीन पराभव. सगळे म्हणाले, संपलं. तिथून टीम एकही सामना न हरता अंतिम फेरीत पोचली. समोर देशातली पहिल्या नंबरची, एकही सामना न हरलेली ओक्लाहोमा. ६ डिसेंबर, कॅन्सस सिटी. निकाल ३५-७. अवघ्या साडेपाच फुटांच्या डॅरेन स्प्रोल्सनं चेंडू घेऊन पळत एकट्यानं २३५ यार्ड काढले. १९३४ नंतर, ६९ वर्षांनी कॉन्फरन्सचं विजेतेपद गावात आलं.

२००४ ते २००८: उतरण

यश टिकवणं अवघडच. २००४ मध्ये ४-७, २००५ मध्ये ५-६. स्नायडर निवृत्त झाले. विद्यापीठानं स्टेडियमला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी ते कुटुंबाच्या नावानं असावं असा आग्रह धरला. रात्रंदिवस कामात असल्यामुळं घरच्यांना वेळ देता आला नाही, ही खंत त्यांनी लपवली नाही. म्हणून नाव आहे ‘बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम’.

नवे प्रशिक्षक रॉन प्रिन्स यांना तीन हंगाम मिळाले: ७-६, ५-७, ५-७. पहिल्याच वर्षी त्यांनी टेक्सासला ४५-४२ असं हरवलं होतं. पण सातत्य राहिलं नाही आणि २००८ मध्ये त्यांना जावं लागलं.

२००९ ते २०१८: म्हातारा परत आला

नवा प्रशिक्षक कोण, तर जुनेच. ६९ वर्षांचे स्नायडर परत आले. अनेकांना वाटलं, आता यांच्याच्यानं व्हायचं नाही.

२००९ मध्ये ६-६. २०१० मध्ये ७-६. त्या वर्षीचा पिनस्ट्राइप बाऊल वेगळ्याच कारणानं लक्षात राहिला. शेवटी टचडाऊन करून एड्रियन हिलबर्ननं प्रेक्षकांना सॅल्यूट ठोकला. पंचांनी जादा जल्लोष म्हणून १५ यार्डांचा दंड लावला. बरोबरीसाठीचा प्रयत्न लांबून करावा लागला, तो हुकला. ३६-३४ असा पराभव.

२०११ मध्ये १०-३. २०१२ मध्ये कॉलिन क्लाइन या क्वार्टरबॅकच्या टीमनं पहिले दहाही सामने जिंकले आणि देशात पहिला नंबर गाठला. मग बेलरनं ५२-२४ असं हरवलं, राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा हुकलं. पण टेक्सासला हरवून बिग १२ चं विजेतेपद मिळवलं.

त्यानंतर २०१३ मध्ये ८-५, २०१४ मध्ये ९-४, २०१५ मध्ये ६-७, २०१६ मध्ये ९-४. २०१७ च्या सुरुवातीला स्नायडर यांना घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. उपचार घेत ते त्या वर्षीही मैदानावर उभे राहिले, टीमनं ८-५ केलं. २०१८ मध्ये ५-७ झाल्यावर, ७९ व्या वर्षी ते कायमचे थांबले. दोन्ही पाळ्या मिळून हिशेब: २१५ विजय, ११७ पराभव, १ बरोबरी.

२०१९ ते २०२४: नवा माणूस

नवे प्रशिक्षक क्रिस क्लीमन. हे आले नॉर्थ डकोटा स्टेट या खालच्या गटातल्या विद्यापीठातून. योगायोग असा की २०१३ मध्ये याच नॉर्थ डकोटानं कॅन्सस स्टेटला तिच्या घरच्या मैदानावर २४-२१ असं हरवलं होतं आणि तेव्हा त्यांचा बचाव क्लीमनच सांभाळत होते.

२०१९ मध्ये ८-५. कोविडच्या २०२० मध्ये ४-६. २०२१ मध्ये ८-५. २०२२ मध्ये बिग १२ च्या अंतिम सामन्यात, तोवर अजिंक्य असलेल्या टीसीयूला जादा वेळेत ३१-२८ असं हरवलं. गावात परत विजेतेपद. हंगाम १०-४. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी ९-४. शेजारच्या कॅन्सस विद्यापीठाला तर २००९ ते २०२४ अशी सलग १६ वर्षं हरवलं.

एका नजरेत

- १८९६ ते १९८८: २९९ विजय, ५१० पराभव, ४१ बरोबरी. एक बाऊल, त्यातही हार.
- १९८९ ते २००५, स्नायडर पहिली पाळी: १३६-६८-१
- २००६ ते २००८, प्रिन्स: १७-२०
- २००९ ते २०१८, स्नायडर दुसरी पाळी: ७९-४९
- २०१९ ते २०२४, क्लीमन: ४८-२८
- कॉन्फरन्सची मोठी विजेतेपदं: १९३४, २००३, २०१२, २०२२
- राष्ट्रीय विजेतेपद: अजून नाही

मग मिळवलं काय?

या टीमनं देश कधी जिंकला नाही. १९९८ आणि २०१२ मध्ये दार उघडलं आणि तोंडावर बंद झालं. कॉलेजच्या खेळावर एवढा पैसा लावावा का, हा वाद अमेरिकेत आजही मिटलेला नाही. तो मिटायचाही नाही.

पण मॅनहॅटनमध्ये सामन्याच्या शनिवारी काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. स्टेडियमची क्षमता सुमारे ५० हजार, म्हणजे जवळपास गावाच्या लोकसंख्येएवढी. आसपासच्या तालुक्यांतून, म्हणजे तिकडच्या काउंट्यांतून, लोक पहाटेच गाड्या काढतात. महामार्गावरून गावाकडं वळलं की लागणाऱ्या रस्त्यालाही स्नायडर यांचंच नाव आहे. गव्हाच्या पेरणीचे दिवस आणि फुटबॉलचे दिवस एकाच वेळी येतात. त्यामुळं शनिवारची सकाळ ट्रॅक्टरवर आणि दुपार मैदानात, असं गणित अनेक घरांत वर्षानुवर्षं चालत आलंय.

१९८८ मध्ये ही टीम बंद पडली असती किंवा खालच्या गटात गेली असती, तर कुणी फारसा आवाज केला नसता. सलग ३० सामने न जिंकलेल्या टीमसाठी कोण रडतं? पण तिथल्या लोकांनी एका माणसाला चार हंगाम दिले, त्यातल्या तीन हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त असतानाही दिले. पाचव्या हंगामात पहिला बाऊल विजय आला आणि पंधराव्या हंगामात विजेतेपद.